रोलरच्या फेऱ्या कोण मोजतो?

पाऊस पडला की रस्त्याला खड्डे पडतात, हे वाक्य आपल्याकडे इतके मुरले आहे की ते आता कुणालाच खटकत नाही. अभियंता तेच सांगतो, मंत्री तेच सांगतो, वर्तमानपत्रे तेच छापतात आणि खड्ड्यात पाय मुरगळलेला माणूसही तेच पुटपुटत घरी जातो. यंदा पाऊस फार झाला, म्हणून रस्ते गेले! जणू महाराष्ट्रात पाऊस पहिल्यांदाच पडला. आमचा सवाल साधा आहे. एकाच तालुक्यात, एकाच पावसात, एकाच खाणीची खडी आणि एकाच प्लँटचा माल वापरून केलेले दोन रस्ते असतात. एक आठ-दहा वर्षे टिकतो, दुसरा पहिल्याच श्रावणात उखडतो. मग पावसाने त्या दोघांत भेदभाव केला काय?

भेदभाव झाला तो पावसाच्या कितीतरी आधी. डांबराचा गरम माल ट्रकमधून उतरला तेव्हापासून तो थंड होईपर्यंत जो थोडा वेळ मिळतो, त्या वेळात रस्त्याचे आयुष्य ठरते. त्या वेळात करायच्या कामाला आपल्याकडे दबाई म्हणतात. साहेबलोक कॉम्पॅक्शन म्हणतात. आजचा हा लेख त्या दबाईबद्दल आहे. विषय रुक्ष वाटेल, वाटू द्या. ज्या वस्तीतून अडलेल्या बाईला दवाखान्यात नेताना रिक्षावाला रस्ता बघून नाही म्हणतो, त्या वस्तीला हा विषय इंजिनीअर लोकांचा म्हणून सोडून देणे परवडणारे नाही.

आधी डांबरी रस्ता म्हणजे काय ते समजून घेऊ. लोकांची समजूत अशी की रस्ता डांबराचा असतो आणि ठेकेदाराने डांबर खाल्ले की रस्ता खराब होतो. डांबर खाल्ले जाते हे खरेच. पण शंभर किलो मालात डांबर असते पाच किलोच्या आसपास. बाकी सगळी खडी, कच आणि बारीक भुकटी. गाडीचे ओझे पेलते ती खडी, आणि तीही खडीला खडी घट्ट भिडली असेल तरच. डांबराचे काम तिला धरून ठेवण्याचे आणि पाणी आत येऊ न देण्याचे. पेव्हरमधून नुकताच पसरलेला थर दिसायला रस्त्यासारखा दिसतो, पण त्याच्या पोटात हवा असते. पंचवीस मिलिमीटरचा पक्का थर हवा असेल तर सैल माल तीस-बत्तीस मिलिमीटर पसरावा लागतो. वरचे पाच-सात मिलिमीटर म्हणजे ती हवा. ती बाहेर काढणे म्हणजे दबाई.

सगळी हवा काढायची नसते, हेही सांगितले पाहिजे. प्रयोगशाळेत मिश्रण ठरवतात तेव्हा दाट मिश्रणात तीन ते पाच टक्के पोकळी मुद्दाम ठेवतात, म्हणजे उन्हाळ्यात डांबर फुगले तरी त्याला जागा राहते. ती जागा उरली नाही तर डांबर वर येते आणि चाकोरी खचते. प्रत्यक्ष रस्त्यावर प्रयोगशाळेइतकी दबाई होत नाही, म्हणून केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानक विनिर्देशात, २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत, मर्यादा घालून दिली आहे. थराची घनता त्या मिश्रणाच्या कमाल सैद्धांतिक घनतेच्या किमान ९२ टक्के असली पाहिजे. म्हणजे पोकळी ८ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. हा आठचा आकडा कुणा साहेबाच्या मर्जीचा नव्हे. पोकळी त्याच्या आत असते तेव्हा ती सुट्या सुट्या बुडबुड्यांसारखी असते. त्यापुढे गेली की बुडबुडे एकमेकांना मिळतात, वाटा तयार होतात आणि वरचे पाणी त्या वाटांनी खाली उतरते. पाण्यावरून चाक गेले की ते पाणी पिचकारीसारखे दाबले जाते आणि खडीवरचे डांबर सोलून काढते. पावसाळा नसला तरी सुटका नाही. त्याच वाटांनी हवा आत खेळते, डांबर सुकते, ठिसूळ होते. मग एक खडा सुटतो. त्याच्या शेजारच्याचा आधार जातो, तोही सुटतो. यालाच आपण सप्टेंबरमध्ये खड्डा म्हणतो, आणि पावसाच्या नावाने बोटे मोडतो.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १९८९ साली अभियंत्यांनी याचा हिशेब मांडला होता. त्यांच्या अभ्यासानुसार पोकळी ७ टक्क्यांच्या पुढे गेली की वाढीव दर एका टक्क्यामागे रस्त्याचे आयुष्य सुमारे दहा टक्क्यांनी घटते. आपले हवामान वेगळे, आपल्या ट्रकांचे ओझे वेगळे, म्हणून आकडा जसाच्या तसा लावू नये. पण दिशा स्पष्ट आहे. माल तोच, खडी तीच, डांबर पूर्ण पाच टक्के, आणि तरी नुसत्या दबाईच्या कसुरीने रस्त्याचे आयुष्य निम्म्यावर येऊ शकते.

आता या कामात घाई का करावी लागते, ते पाहा. ज्यांच्या घरात चिक्की होते त्यांना हे सांगायला नको. गुळाचा पाक गरम असताना शेंगदाणे टाकले, ओट्यावर ओतले आणि लगेच लाटणे फिरवले तर चिक्की एकसारखी बसते. कुणी दारात आले म्हणून बाई दोन मिनिटे उठली, की नंतर लाटणे कितीही दाबा, पाक हलत नाही. फार जोर केला तर शेंगदाणा फुटतो. डांबराचेही अगदी तेच. गरम डांबर तेलासारखे असते, खडीला सरकू देते, एकमेकांत बसू देते. थंड होता होता तेच डांबर डिंक होते. मग दहा टनी रोलर त्यावर नाचवला तरी वरून चकाकी येते, आतली हवा आतच राहते आणि खडी मात्र फुटते.

म्हणून नियमात तापमाने लिहिलेली आहेत. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे व्हीजी-३० डांबर घेतले तर माल पसरताना किमान १४० अंश सेल्सिअस असला पाहिजे आणि तो ९० अंशांवर उतरण्याच्या आत दबाई संपली पाहिजे. व्हीजी-१० असेल तर हेच आकडे १३० आणि ८०. आधी आठ ते दहा टनांचा लोखंडी चाकांचा किंवा कंपन करणारा रोलर. ज्वारीचे पोते भरताना आपण ते हलवून, आपटून दाणा बसवतो, तसे हा रोलर कंपनाने खडी बसवतो. त्यानंतर मधल्या फेऱ्यांना बारा ते पंधरा टनांचा रबरी टायरचा रोलर चालतो, तो वरचा थर मळल्यासारखा घट्ट करतो. शेवटी सहा ते आठ टनांचा साधा रोलर, चाकांच्या खुणा मिटवायला. वेग ताशी पाच किलोमीटरच्या वर नको, म्हणजे माणूस चालतो तितकाच. सुरुवात कडेपासून करून मध्याकडे जायचे, वळणावर सखल बाजूकडून उंच बाजूकडे. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निदान एक तृतीयांश चढली पाहिजे. गरम थरावर रोलर उभा करून ठेवायचा नाही. पाऊस चालू असेल, खाली पाणी साचले असेल, हवा दहा अंशांच्या खाली गेली असेल, तर काम बंद ठेवायचे. ट्रकवर ताडपत्री पाहिजे.

हे सगळे छापलेले आहे. खेड्यापाड्यातल्या रस्त्यांची खरी अडचण थराच्या जाडीत आहे. मोठ्या रस्त्यावरचा पन्नास मिलिमीटरचा थर उष्णता धरून ठेवतो. वीस-पंचवीस मिलिमीटरचा पातळ थर वाऱ्यावर बघता बघता थंडावतो. जाडी निम्मी झाली की दबाईला मिळणारा वेळ निम्म्याहूनही कमी होतो. म्हणजे ज्या रस्त्याला सगळ्यांत पातळ थर मंजूर होतो, त्याच रस्त्यावर रोलर सगळ्यांत आधी हजर असला पाहिजे. प्रत्यक्षात त्याच रस्त्यावर तो सगळ्यांत शेवटी येतो.

आम्ही हे डोळ्यांनी पाहिले आहे. मराठवाड्यातले एक गाव. तारीख ३१ मार्च, वेळ दिवस मावळायची. गावठाणापासून वस्तीपर्यंतचा अर्धा-पाऊण किलोमीटरचा रस्ता, निधी परत जाऊ नये म्हणून त्या दिवशीच पुरा करायचा होता. प्लँट साठ किलोमीटरवर. दिवसभर माल मोठ्या रस्त्यावर पडत होता आणि संध्याकाळी उरलेल्या दोन गाड्या वस्तीच्या रस्त्याकडे वळल्या. ताडपत्री नव्हती. रोलर एकच, तो त्या मोठ्या रस्त्यावर अडकलेला. मालाचा ढीग वाट बघत पडून राहिला. फावड्याने पसरायला घेतला तेव्हा त्याची ढेकळे निघत होती आणि पसरलेल्या थरावर साधी चप्पल घालून आरामात उभे राहता येत होते. अंधार पडल्यावर रोलर आला. एक फेरी जाताना, एक फेरी येताना. हेडलाइटच्या उजेडात रस्ता काळा कुळकुळीत चमकला. वस्तीतल्या लोकांनी, इतक्या वर्षांनी रस्ता आला म्हणून, नारळ फोडला. चहा केला. ठेकेदाराच्या माणसाला पहिला कप दिला. जूनच्या शेवटी पोरे त्याच रस्त्याच्या कडेची सुटी खडी वेचून खेळत होती.

त्या रस्त्याचे बिल निघाले काय? निघाले. त्यात काही खोटे होते काय? लांबी बरोबर, रुंदी बरोबर, जाडीही जवळपास बरोबर. मोजमाप पुस्तकात लांबी, रुंदी आणि जाडीचे रकाने असतात. रोलरच्या फेऱ्यांचा रकाना त्यात नसतो. माल किती अंशांवर पसरला, शेवटची फेरी किती अंशांवर फिरली, याची नोंद वेगळ्या रजिस्टरात असायची, आणि ती रजिस्टरे कुणी मागत नाही म्हणून नंतर एका बैठकीत भरली जातात. पैसे मिळतात ते घनफळाचे. टिकते ती घनता. या दोहोंच्या मधल्या फटीत आपले रस्ते पडले आहेत.

ही गोष्ट नेहमीच्या चोरीपेक्षा आम्हाला जास्त चीड आणते, कारण यात चोरणाऱ्यालाही फारसे काही मिळत नाही. डांबराच्या टाकीच्या किमतीपुढे रोलरचे डिझेल किरकोळ आहे. दुसरा रोलर दिवसभर भाड्याने आणायचा खर्च एकूण कामाच्या मानाने थोडा. त्या थोडक्यासाठी आणि ३१ मार्चच्या घाईसाठी लाखो रुपयांचा माल मातीत जातो. चोरी झाली असती तर निदान कुणाच्या तरी घरी गेली असती!

कुणी म्हणेल, हे सगळीकडेच होते, वस्तीचा मुद्दा यात कशाला? मुद्दा आहे आणि तो कागदावर दिसतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. त्या योजनेत तीन पातळ्यांवर गुणवत्ता तपासणी आहे, राज्याचे आणि केंद्राचे निरीक्षक येतात, ठेकेदारावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी आहे. चांगली योजना आहे, ती मान्य केली पाहिजे. पण तिच्या नियमांत सपाट प्रदेशात पाचशे मीटरच्या परिघातल्या वाड्या-वस्त्या एकत्र धरून लोकसंख्या मोजता येते. गावठाणापर्यंत रस्ता पोचला की अर्ध्या किलोमीटरच्या आतली वस्ती जोडली गेली असे धरले जाते. आपली वस्ती गावाच्या आत नसते आणि गावापासून फार लांबही नसते. हे अंतर कुणी आणि का ठेवले ते या वर्तमानपत्राच्या वाचकाला सांगायची गरज नाही. मग त्या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरचे काम येते ते वस्ती विकासाच्या योजनेतून, आमदार निधीतून, ग्रामपंचायतीच्या निधीतून. तीन लाख, पाच लाख अशा तुकड्यांत. २०२० साली सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचा निर्णय घेतला, योजनांची नावेही पालटली. फलक बदलले. पण तुकड्यांतल्या कामावर रोलर कधी येतो आणि केंद्राचा निरीक्षक कधी येतो, त्यात काय बदल झाला ते दाखवून द्यावे. एवढ्या छोट्या कामाला स्वतंत्र पेव्हर परवडत नाही, प्रयोगशाळा परवडत नाही, म्हणून मोठ्या कामाचे उरलेसुरले तिकडे वळते. पंगतीत शेवटी बसवलेल्याच्या पानात काय पडते, ते आपल्याला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे.

अलीकडे वस्त्यांच्या आत सिमेंटचे रस्ते आणि पेव्हर ब्लॉक आले, हे खरे. त्यांचे दुखणे निराळे आहे, ते पुन्हा केव्हातरी. जोडरस्ता मात्र अजून बहुतेक ठिकाणी डांबरीच आहे.

एका माणसाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. रोलर चालवणारा. खात्यात त्याला ड्रायव्हर म्हणतात, ठेकेदाराकडे तर नावानेही हाक मारत नाहीत, ए रोलरवाल्या! दीडशे अंशांच्या मालाच्या वाफेत तो दिवसभर बसलेला असतो. पायाला पोते गुंडाळून माल ओढणारे मजूर त्याच्या पुढे असतात. हे लोक कोणत्या समाजातून येतात ते कोणत्याही डांबरीकरणाच्या कामावर पाच मिनिटे उभे राहिले तरी कळते. भूमिहीन, भटके, आपले. त्या सगळ्या कामावर माल थंड झाल्याचे पहिल्यांदा कुणाला कळते? साइटवर नसलेल्या अभियंत्याला कळत नाही. रोलरवाल्याला कळते. ड्रम कसा वाजतो, खडी दबते की खाली कचकन फुटते, थर ड्रमच्या पुढे लाटेसारखा ढकलला जातो की नाही, हे त्याच्या पाठीच्या कण्याला समजते. असा एक जण आम्हाला म्हणाला, "साहेब, थंड मालावर रोलर फिरवणं म्हणजे मेलेल्याला औषध पाजणं. पण गाडी आली की फिरवायचं, इचारायचं न्हाई." ज्याच्या हाती रोलर आहे त्याच्या हाती ट्रक परत पाठवायचा अधिकार नाही. ज्याच्या हाती तो अधिकार आहे तो त्या वेळी तिथे नाही. सबंध कामात सगळ्यांत मोलाचे ज्ञान ज्याच्याजवळ आहे त्याला प्रशिक्षण नाही, प्रमाणपत्र नाही, पगारही मुकादमाच्या मर्जीचा. ज्ञान एकाकडे आणि हुकूम दुसऱ्याकडे, ही वाटणी या देशात नवी नाही.

आणि देशाला नियमांची उणीव होती असेही नाही. १९२७ साली इंग्रज सरकारने रस्त्यांच्या विकासासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर. तिच्यातून पुढे केंद्रीय रस्ते निधी आला, १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली आणि तिथून आजवर मानकांच्या पुस्तिका निघत आल्या आहेत. (हेच जयकर, ज्यांनी रिकामी केलेल्या मुंबईच्या जागेवरून १९४७ मध्ये बाबासाहेब घटना समितीत परत गेले.) बाबासाहेब स्वतः १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, तेव्हा केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खाते त्यांच्याच अखत्यारीत होते. बांधकाम आणि मजूर या दोन गोष्टी एकाच टेबलावर होत्या. आज त्या दोन टोकांना गेल्या आहेत, म्हणून रोलरवाल्याचे ऐकायला कुणी नाही.

आता काय करायचे? मोर्चा काढावा, निवेदन द्यावे, हे आपण करतोच. पण खड्डे पडल्यावर काढलेल्या मोर्चाचे फळ म्हणून पुन्हा तोच ठेकेदार पुन्हा थंड माल टाकून खड्डे बुजवतो. मोर्चा काढायचाच असेल तर काम चालू असताना काढा, आणि त्या मोर्चात एक थर्मामीटर असू द्या. लोखंडी काडी मालात खुपसायची आणि वर घड्याळासारख्या तबकडीवर आकडा वाचायचा, असला थर्मामीटर बाजारात मिळतो, चार घरांनी वर्गणी काढली तर परवडतो. माल उतरताना आकडा वाचा, मोबाइलमध्ये फोटो घ्या. रोलरच्या शेवटच्या फेरीच्या वेळी पुन्हा वाचा. रोलर किती आहेत ते मोजा. एकच असेल तर तो फिरताना कड सोडतो की काय ते बघा, कारण रस्ता नेहमी कडेपासून तुटायला लागतो. कामावरच्या माणसांशी भांडू नका. ते आपलेच आहेत आणि त्यांना सगळे माहीत आहे.

यानंतर कायदा. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ म्हणजे केवळ कागदांच्या झेरॉक्स मिळवण्याचा कायदा, असा आपल्या कार्यकर्त्यांतही गैरसमज आहे. त्याचे दुसरे कलम नीट वाचा. माहितीच्या अधिकारात कामाची पाहणी करण्याचा अधिकार येतो आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही येतो. रस्ता हे काम आहे. डांबरी थर हे साहित्य आहे. दहा रुपयांच्या अर्जावर, आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तर एक पैसाही न भरता, रस्त्याचा नमुना मागता येतो. नमुना म्हणजे कोअर. पोकळ गोल कटरने थर कापून दंडगोल काढतात. तो हवेत तोलायचा, पाण्यात तोलायचा, त्यावरून घनता निघते. त्याच मिश्रणाच्या कमाल घनतेशी तिची तुलना केली की ९२ टक्के भरते की नाही ते कळते. अर्जात नुसते रस्त्याची माहिती द्या असे लिहू नका. मिश्रणाच्या डिझाइनचा अहवाल, प्लँटवरच्या आणि साइटवरच्या तापमानाचे रजिस्टर, घनतेच्या चाचण्यांचे निकाल आणि कोअरचे प्रमाणित नमुने असे मोजून मागा. एक अडचण मात्र लक्षात ठेवा. वीस मिलिमीटरचे उघडे प्रिमिक्स कार्पेट असेल तर कोअरची ही परीक्षा तिथे लागू पडत नाही. तो थर मुळातच पाणी झिरपू देणारा असतो आणि सारी भिस्त वरच्या सीलकोटवर असते. तिथे तापमान, रोलर आणि सीलकोट यांच्यावरच पहारा ठेवावा लागतो, म्हणजे काम चालू असतानाच उभे राहावे लागते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना दुखापतीप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले, आणि ती रक्कम दोषी ठेकेदार व अधिकाऱ्यांकडून वसूल करण्याचेही म्हटले. आदेश चांगला आहे. पण दोषी कोण हे ठरणार कशावरून? पावसावर खटला चालत नाही. घनतेचा अहवाल आणि तापमानाचे रजिस्टर हातात असेल तरच दोष माणसावर ठरतो.

वर सांगितलेल्या त्या ३१ मार्चच्या रस्त्यासाठी वस्तीतल्या एका तरुणाने असा अर्ज टाकला होता. नमुने दिले नाहीत, रजिस्टरची नक्कल मात्र आली. प्रत्येक ओळीत माल पसरतानाचे तापमान १४५ लिहिलेले आहे. सकाळच्या गाडीचेही १४५, साठ किलोमीटर उघड्यावरून आलेल्या संध्याकाळच्या गाडीचेही १४५. एकाच अक्षरात, एकाच पेनाने. त्यात त्या दिवशी आलेल्या गाड्यांपेक्षा एक गाडी जास्त आहे. नमुन्यांसाठी पहिले अपील दाखल झाले आहे. सुनावणीला त्या दिवशी रोलरवर बसलेला माणूस यायला तयार आहे, फक्त त्याची त्या दिवसाची मजुरी बुडू नये, एवढेच त्याचे म्हणणे आहे. वस्तीने ती वर्गणीतून द्यायचे ठरवले आहे.